बंगालची मेंढी, सिडनीची लोंकर आणि फलटणचा कळप

रस्त्यानें जातांना मेंढरांचा कळप आडवा आला म्हणजे आपण क्षणभर थांबतों, धुरळा खालीं बसूं देतों आणि पुढें चालूं लागतों. त्या कळपांतील मेंढी वर्षाकाठीं किती कोंकरें देते, तिची लोंकर कोण घेतो, तिच्या जोरावर धनगराचा संसार कसा चालतो, हे प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहींत. प्रस्तुत लेखांत आम्ही या धंद्याची सुधारणा ज्यांनीं केली त्यांपैकीं कांहीं व्यक्तींची ओळख करून देणार आहों. ही कथा बंगालच्या खाडींतून निघून ऑस्ट्रेलियाला जाते आणि दोनशें वर्षांनीं आपल्या सातारा जिल्ह्यांत येऊन पोंचते.

इसवी सन १७८८ मध्यें इंग्रजांनीं सिडनी येथें वसाहत केली. तेव्हां त्यांच्यापाशीं चांगलीं मेंढरें नव्हतीं. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजांनीं बंगाली मेंढ्या तेथें नेण्यांत आल्या. जॉन मॅकार्थर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें त्यांपैकीं सुमारें साठ मेंढ्या विकत घेतल्या. या मेंढ्यांच्या अंगावर लोंकरीपेक्षां केंसच अधिक असत. पुढें आयर्लंडहून आलेल्या मेंढरांशीं त्यांचा संकर झाला, तेव्हां कोंकरांच्या अंगावर केंस व लोंकर यांचें मिश्रण दिसूं लागलें. हें पाहून, योग्य नर निवडल्यास उत्तम लोंकर निपजवितां येईल, असा विचार त्याच्या मनांत आला. १७९७ मध्यें केप ऑफ गुड होपहून मूळच्या स्पॅनिश मेरिनो जातीचीं कांहीं मेंढरें सिडनीस आलीं आणि त्या विचारास साधन मिळालें.

येथें निवडीचें मुख्य तत्त्व विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. एक मेंढी वर्षाकाठीं एका किंवा दोन कोंकरांची आई होते. परंतु एक मेंढा एकाच हंगामांत तीस-चाळीस कोंकरांचा बाप होतो. म्हणून कळप सुधारावयाचा तर प्रथम मेंढा पारखून घ्यावा लागतो, आणि कोणतें कोंकरूं कोणाचें, याची नोंद ठेवावी लागते. नोंद नसेल तर सुधारणा दैवावर राहते.

मॅकार्थर हा तापट स्वभावाचा होता. द्वंद्वयुद्धामुळें एकदां आणि गव्हर्नराविरुद्धच्या बंडामुळें दुसऱ्यांदा, असें दोन वेळां त्यास इंग्लंडला जावें लागलें. दुसऱ्या वेळीं तो १८०९ पासून १८१७ पर्यंत परत येऊं शकला नाहीं. या सर्व काळांत कळपांची व्यवस्था त्याची पत्नी एलिझाबेथ हिनें पाहिली. पुस्तकांत पुष्कळ दिवस पतीचेंच नांव मोठ्या अक्षरांत छापलें जाई. परंतु ज्या वर्षांत तो कळप खऱ्या अर्थानें उभा राहिला, त्या वर्षांतील देखरेख तिची होती, हें आम्हांस विसरतां येत नाहीं.

दुसरे गृहस्थ रेव्हरंड सॅम्युएल मार्सडेन. हे यॉर्कशायरच्या लोंकर विणणाऱ्या मुलुखांत जन्मले आणि १७९४ मध्यें वसाहतीचे धर्मोपदेशक म्हणून आले. १८०७ मध्यें ते स्वदेशीं गेले, तेव्हां आपल्या मेंढरांची लोंकर बरोबर घेऊन गेले. यॉर्कशायरमध्यें तिचें कापड विणवून त्याचा पोषाख त्यांनीं शिवविला आणि तो अंगावर घालून ते राजे तिसरे जॉर्ज यांच्यापुढें उभे राहिले. राजानें संतुष्ट होऊन आपल्या कळपांतील मेरिनो मेंढरें त्यांस दिलीं. १८११ मध्यें त्यांनीं चार हजार पौंडांहून अधिक लोंकर इंग्लंडास विक्रीसाठीं धाडली.

परंतु अभ्यासकानें चित्राची एकच बाजू पाहूं नये. हेच मार्सडेन न्यायाधीश म्हणून कैद्यांस फटक्यांच्या कठोर शिक्षा देण्याबद्दल कुप्रसिद्ध होते. शिवाय, ज्या गवताळ रानांत हे कळप वाढले तीं रानें ओसाड नव्हतीं. तेथें धारुग व धारावल या मूळ रहिवाशांची वस्ती होती. त्यांची भूमि गेली, शिकार गेली, आणि १८१६ मध्यें ॲपिन येथें शिपायांनीं त्यांच्यांतील निदान चौदा माणसांस ठार केलें. त्या मऊ लोंकरीच्या किंमतींत हेंही धरावें लागतें.

आतां आपण विसाव्या शतकांत येऊं. हेलन न्यूटन टर्नर या बाईंचा जन्म १९०८ मध्यें सिडनी येथें झाला. त्या शिल्पशास्त्राच्या पदवीधर. परंतु मंदीच्या दिवसांत काम मिळेना, म्हणून त्यांनीं एका पशुसंशोधन शाळेंत चिटणिसाची नोकरी धरली. तेथील आंकड्यांचीं कोष्टकें पाहतां पाहतां त्यांस संख्याशास्त्राची गोडी लागली. इंग्लंडमध्यें जाऊन त्यांनीं त्याचा अभ्यास केला आणि पुढें मेंढ्यांच्या आनुवंशिकतेवरील संशोधनाचें नेतृत्व केलें. ‘बुरूला’ नांवाच्या एका मेंढवाड्याच्या मालकांनीं १९५८ मध्यें त्यांच्या संस्थेस एक मेंढा भेट दिला. तो मेंढा एकाच वेळीं जन्मलेल्या पांच कोंकरांपैकीं एक होता! मेरिनो मेंढीस बहुधा एकच कोंकरूं होतें. मग हा वंश इतका बहुप्रसव कसा? जुन्या कागदपत्रांचा धांडोळा घेऊन टर्नरबाईंनीं असा तर्क मांडला कीं, हा गुण त्या जुन्या बंगाली मेंढ्यांकडून आला असावा. ज्या मेंढीस केंसाळ म्हणून हिणवून लोक विसरून गेले होते, तिचें देणें दीडशें वर्षें कळपांत टिकून राहिलें होतें.

२००१ मध्यें शास्त्रज्ञांनीं या गुणास कारण असलेला जनुकांतील बदल शोधून काढला. आणि त्यानंतर सुंदरबनांतील ‘गारोळे’ या ठेंगण्या मेंढ्यांतही तोच बदल सांपडला. टर्नरबाई १९९५ मध्येंच निवर्तल्या होत्या. परंतु त्यांचा तर्क खरा ठरला.

हीच गारोळे मेंढी नव्वदीच्या दशकांत फलटणला आली. तेथें श्री. बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ मध्यें निंबकर कृषि संशोधन संस्था स्थापन केली होती. त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनीं पशुसंवर्धनाचें काम हातीं घेतलें. आपली दख्खनी मेंढी काटक, दूर चालणारी. परंतु तिला एका वेळीं एकच कोंकरूं होतें. गारोळे बहुप्रसव, परंतु अंगानें फारच लहान. दोहोंचा संकर करून, पुढच्या पिढ्यांत देह दख्खनीचा आणि प्रसवगुण गारोळेचा राहील अशी निवड त्यांनीं केली. रक्ताच्या थेंबावरून जनुक आहे कीं नाहीं हें कळूं लागल्यामुळें निवड सोपी झाली. अशा मेंढ्यांस ‘नारी सुवर्णा’ हें नांव मिळालें. जनुकाची एकच प्रत असलेल्या मेंढीस सरासरीनें सुमारें दीड कोंकरूं होतें, म्हणजे कोणास एक, कोणास दोन. याहून अधिक कां नको? तीन कोंकरें झालीं तर आईचें दूध पुरत नाहीं, आणि दुष्काळी रानांत सर्वच उपाशी राहतात. सुधारणा मालकाच्या चाऱ्याएवढीच असावी, हा यांतील मोठा धडा आहे. श्री. निंबकर २०२१ मध्यें निवर्तले; त्यांचें कार्य पुढें चालूं आहे.

वाचकांच्या मनांत शंका येईल कीं, या सर्वांत आपल्या लोंकरीचें काय झालें? उत्तर सुखाचें नाहीं. दख्खनी लोंकर काळी व भरड. तिचा तंतु मेरिनोच्या सुमारें दुप्पट जाड. तिचें अंगावर घालावयाचें मऊ कापड होत नाहीं. परंतु सनगरांनीं विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पावसांत, थंडींत, शेतांत व वारींत पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडली. पुढें गिरणीच्या स्वस्त चादरी आल्या आणि घोंगडीचें गिऱ्हाईक आटलें. आज पुष्कळ ठिकाणीं कातरलेल्या लोंकरीस इतका थोडा भाव येतो कीं, कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाहीं, आणि ती फेंकून द्यावी लागते. म्हणून धनगराची मिळकत आतां मुख्यतः कोंकरांच्या विक्रीवर अवलंबून आहे. आणि म्हणूनच त्या अर्ध्या कोंकराला एवढें महत्त्व.

या अभ्यासावरून आम्हांस दोन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली ही कीं, सुधारणा करणारा मनुष्य राजदरबारीं जाणाराच असतो असें नाहीं. तो दऊत-लेखणी घेऊन बसलेला चिटणीस असूं शकतो, किंवा कोणत्या मेंढीचें कोणतें कोंकरूं हें अंधारांतही ओळखणारा धनगर असूं शकतो. फलटणचे प्रयोगही धनगरांनीं आपल्या कळपांत ते मेंढे सोडूं दिले म्हणूनच सिद्धीस गेले. दुसरी ही कीं, आज ज्यास आपण टाकाऊ म्हणतों त्यांत उद्यांची गरज दडलेली असूं शकते. गारोळेच्या बाबतींत हें घडलें. दख्खनी लोंकरीच्या बाबतींत तसें घडेल कीं नाहीं, हें तिचा नवा उपयोग शोधणाऱ्यांवर अवलंबून आहे.

तरी आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींनीं सुटींत गांवीं गेल्यावर जवळच्या वाड्यावर जाऊन धनगरदादांस एवढेंच विचारावें: आपल्या कळपांत यंदां किती मेंढ्या व्याल्या, किती कोंकरें जगलीं, आणि लोंकरीचें काय केलें? मिळालेलीं उत्तरें वहींत टिपून ठेवावीं. टर्नरबाईंनींही आरंभ आंकड्यांच्या कोष्टकांपासूनच केला होता.