रक्ताक्षाची बदली

पेण, श्रावण वद्य पंचमी

प्रिय भाचीबाई,



बदलीचा अर्ज लिहून ठेवला आहेस, असं तुझ्या आईकडून कळलं. कारणही कळलं. भातात उंदीर फार झाले म्हणून तू शेतकऱ्यांना पक्षीथांबे, म्हणजे उंदीर टिपणाऱ्या घुबडांना बसायला काठ्या, लावायला सांगितलंस. सभेत कुणीतरी विचारलं, "म्हणजे आमच्या शेतात घुबडं आणून बसवता का मॅडम?" सगळे हसले आणि तू कागद गुंडाळून रोह्याला परत आलीस. इकडे हमरापूर-जोह्याला कारागीर गणपतीच्या पायाशी उंदीर मांडताहेत आणि तिकडे तुला तेच उंदीर छळताहेत. असो.

मला तुला पंचतंत्रातल्या रक्ताक्षाबद्दल लिहायचं आहे; सभेत त्याचंही कुणी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या तंत्रात, काकोलूकीयात, कावळ्यांचं नि घुबडांचं वैर आहे. कावळ्यांचा म्हातारा मंत्री स्थिरजीवी स्वतःच्या राजाकडून मार खाल्ल्याचं सोंग करतो आणि रक्तबंबाळ होऊन घुबडांच्या राजाला, अरिमर्दनाला शरण येतो. अरिमर्दनाचे मंत्री पाच. रक्ताक्ष एकटा म्हणतो, याला आत्ताच संपवा. उरलेले चौघे शरणागताला अभय द्यावं म्हणून एकेक सुरस गोष्ट सांगतात. राजाला त्यांचंच पटतं. स्थिरजीवीला गुहेच्या दाराशी जागा मिळते, वर रोजचं खाणंही. रक्ताक्ष मनातल्या मनात हसतो, तुम्ही राजाचा घात केलात असं मंत्र्यांना सुनावतो आणि आपला गोतावळा घेऊन दुसऱ्या डोंगरात निघून जातो.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं बारीक कलम मात्र मुलांच्या पुस्तकांत बहुधा गाळलेलं असतं. रक्ताक्ष गेल्याचा सर्वांत जास्त आनंद स्थिरजीवीला होतो. त्या दरबारात डोळस तेवढा तोच, हे शत्रूनेच ओळखलेलं असतं. रक्ताक्षाची पाठ वळल्यावर स्थिरजीवी घरटं बांधायच्या निमित्ताने दाराशी रोज एकेक काटकी आणून ठेवू लागतो. ढीग पुरेसा झाल्यावर कावळे जळती लाकडं आणतात आणि गुहा घुबडांसकट जळते.

म्हणजे रक्ताक्ष सभेत बोलला तेव्हा त्याच्या हातात पुरावा नव्हता, नुसता तर्क होता. पुरावा त्याच्या मागून, काटकी-काटकीने जमा झाला. तो तिथे थांबला असता तर पाचव्या दिवशी राजाला दारापाशी नेऊन म्हणू शकला असता, "महाराज, हे घरटं केवढं वाढलंय बघा." शाळेत मुलांना हा भाग सांगताना रक्ताक्ष शहाणा असं मीही म्हणायचो, आणि तो शहाणा आहेच. पण सल्लागार म्हणून त्याने काम अर्ध्यावर सोडलं, असं माझं मत आहे. त्याच्या जिवावर बेतलं होतं म्हणून त्याला माफ. तुझ्या जिवावर काही बेतलेलं नाही. लोक हसले, एवढंच.

आता तुझ्या काटक्या कुठल्या ते बघ. एका तयार माणसाचं शेत धर. संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं चिखलाने लिंपायची आणि सकाळी किती उघडली ते त्याच्याच हाताने मोजायला लावायचं. उघडलेलं प्रत्येक बीळ म्हणजे आत राहतं घर. हे दोनचार दिवस केलं की उंदीर आहेत की नाहीत यावर सभेत वाद उरत नाही. तुमच्याकडे कुंडलिकेच्या कालव्यावर उन्हाळी भातही होतं, त्यामुळे उंदरांना बाराही महिने ताट वाढलेलं. आमच्या खारेपाटात तर ते बांधही पोखरतात. खेकडे नि उंदीर मिळून बांध पोकळ करतात, उधाणाला पाणी आत शिरतं आणि शेतात मीठ बसतं. त्यामुळे खारेपाटातल्या माणसाला उंदराचं नुकसान समजावून सांगावं लागत नाही.

मग घुबडाचं. गावात जुनं देऊळ, पडका वाडा किंवा ढोली असलेला वड असेल तर गव्हाणी घुबड तिथे असण्याचा संभव आहे. त्याच्या बसायच्या जागेखाली काळसर गोळ्या पडलेल्या असतात. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि केस-हाडं गोळी करून तोंडावाटे टाकतं. एखादी गोळी पाण्यात भिजवून काडीने उकल. आतून कवट्या आणि नारिंगी पुढचे दात निघतील. हे पंचायतीच्या ओट्यावर, पोरांसमोर कर. बापमंडळी आपोआप जमतील. जाता जाता पंचतंत्राच्या त्या गोष्टीतली चूकही सांगून टाक, की घुबड दिवसा आंधळं नसतं. अंधारात ते कानानेही शिकार करतं. गव्हाणी घुबडाचे दोन कान खालीवर असतात, त्यामुळे खसखस नेमकी कुठून आली ते त्याला कळतं.

घुबडाला दगड मारला तर ते तो झेलून नदीवर नेतं, घासत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, अशी समजूत तुलाही आजीने सांगितली असेल. तिची टर उडवू नकोस. त्या भीतीने कित्येक घुबडांचे प्राण वाचले असतील. दिवाळीच्या सुमारास करणीसाठी घुबडं पकडणाऱ्यांना ती भीतीही नसते; त्यांच्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

हसणाऱ्यांतला एखादा असंही म्हणाला असेल की थांब्यावर चिमण्या-मुनिया बसून दाणे खातील. तो बरोबर बोलतोय. दाणे भरू लागले की थांबे काढायचे, हे तू आधीच सांगायला हवं होतंस. त्या माणसाला पुढच्या सभेत नाव घेऊन श्रेय दे. तो तुझा पहिला माणूस होईल. आणि विषाचं आमिष वापरायचंच झालं तर सगळ्या शिवारात एकाच वेळी, नाहीतर उंदीर शेजारच्या बांधात जातात. ब्रोमॅडिओलोन खाऊन गुंगलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर विष त्याच्याही पोटात जातं. एका हाताने थांबा रोवायचा आणि दुसऱ्या हाताने घुबड मारायचं, असं होऊ देऊ नकोस.

तुझ्या-माझ्या तालुक्यात सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. आमच्या गागोद्याचे विनोबा १९५१ पासून वर्षानुवर्षं पायी हिंडले. तुमच्या रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले यांनी स्वाध्यायींना भक्तिफेरीला गावोगाव धाडलं. दोघांच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही, पण माणसांच्या दाराशी जायचं आणि परत जायचं, हे दोघांनाही कळलं होतं. एका सभेवर दोघांपैकी कुणीही थांबलं नाही.

तेव्हा बदलीचा अर्ज भात कापून खळ्यावर येईपर्यंत टेबलाच्या खणात राहू दे. तोवर निदान एका शेतात थांबे लागले पाहिजेत आणि बिळं रोज मोजली गेली पाहिजेत. त्यानंतरही निघावंसं वाटलं तर अर्ज दे. शुद्धलेखन मी तपासून देईन. वालाच्या शेंगा आल्या की पोपटीला येतोच आहे, तेव्हा बिळांची वही दाखव.

तुझा,
मामा