यकृतातील मेद आणि तेलाची बाटली

आपल्या समाजात मद्य वर्ज्य आहे. सबब यकृताचा विकार आपल्या घरी यावयाचा नाही, अशी निश्चिंती आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बाळगीत आलो. ती आता सोडावयास हवी. 1980 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मद्यप्यांच्या यकृतात दिसतो तसाच मेद व दाह या रुग्णांच्या यकृतात होता. मद्यासक्त मात्र ते नव्हते.

या विकाराचे मूळ बहुधा कमरेच्या घेरात सापडते. आपल्याकडील पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या व स्त्रीची 80 च्या पुढे जाणे, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर व रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढणे, आणि हितकर कोलेस्टेरॉल घटणे, या पाचांपैकी तीन लक्षणे एकत्र आली की वैद्यक त्यास चयापचयाचा बिघाड म्हणते. इन्शुलिनचा अंमल ढिला पडतो. पोटावरची चरबी सुटून यकृताकडे वाहते. शिवाय मैदा व साखर यांपासून यकृत स्वतःच नवा मेद घडविते. दिवसभर गादीवर बसून चहा-फरसाणाचा समाचार घेणाऱ्या आम्हा दुकानदारांस याहून अधिक सांगणे नको.

यावर उतारा म्हणून जवसाचे, कलोंजीचे तेल चमचा-चमचा घेण्याची हल्ली चाल पडली आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-3 वर्गाच्या स्निग्धाम्लाचा असतो, हे खरे. परंतु माशांच्या तेलातील द्रव्यांत त्याचे रूपांतर शरीर फार अल्प प्रमाणात करते. कलोंजीवरील काही प्रयोगांत यकृताच्या तपासणीचे आकडे थोडे उतरलेले दिसले. ते प्रयोग लहान व अल्पमुदतीचे होते. आणि हिशेबाची गोष्ट अशी की, मोठा चमचाभर कोणतेही तेल म्हणजे सुमारे 120 उष्मांक. नेहमीचे तळण व वनस्पती तूप कमी करून त्या जागी हे तेल घेतले तर लाभाची आशा. वरून घेतले तर जमेऐवजी नावेच पडावयाचे. आमच्या मते बेळगावकडील भाकरीबरोबरची जवसाची चटणी अधिक शहाणपणाची, कारण तीत बियांचा चोथाही पोटात जातो. यकृतातील मेद खात्रीने उतरतो तो वजन उतरल्याने. 80 किलोच्या गृहस्थाने साडेपाच ते आठ किलो घटविले, तर पुष्कळदा दाहही शमतो.

वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी, हाही भ्रमच. 2019 साली इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्या काहींस यकृतदाह झाल्याने तेथील सरकारला इशारा द्यावा लागला. स्वयंपाकातील चिमूटभर हळद निराळी आणि अर्क काढून केलेली गोळी निराळी.

जे बंधू असा माल विकतात त्यांच्याशी दोन शब्द. मधुमेह वा स्थूलता बरी करण्याची जाहिरात औषधांच्या नावे करणे 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहे. तेव्हा गिऱ्हाइकाला तोंडी हमी देतानाही जीभ आवरावी, व त्याची चालू औषधे बंद करावयास कदापि सांगू नये. दुसरे असे की, जवसतेलाच्या मऊ कॅप्सूलचे वेष्टण पुष्कळदा जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. आत जवस आहे एवढ्यावर विसंबून आपल्यांतील कित्येकांनी ती निःशंकपणे घेतली आहे. बाटलीवरील घटकांची यादी आधी वाचावी, मग ती फळीवर मांडावी.