मचाणावरचे सोळा तास

वैशाखी पौर्णिमेच्या दुपारी ताडोबात, मेळघाटात, पेंचमध्ये, नागझिऱ्यात वनखात्याच्या गाड्या पाणवठ्यांकडे निघतात. मचाणाशी गाडी थांबते, दोघे-तिघे शिडीने वर चढतात, पाण्याचा कॅन आणि शिदोरी वर घेतली जाते आणि गाडी निघून जाते. ती परत येते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. मधल्या पंधरा-सोळा तासांत खाली उतरायचे नसते, मोठ्याने बोलायचे नसते आणि होता होईतो हलायचेही नसते.

पूर्वी याच रात्रीच्या नोंदींवरून जंगलातल्या प्राण्यांचा आकडा काढला जाई. उन्हाळ्यात पाण्याच्या जागा मोजक्याच उरतात, तहानलेले जनावर दिवसरात्रीतून एकदा तरी पाण्यावर येणार, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात ते दिसणार, असा त्यामागचा हिशेब होता. वाघांची गणना आता कॅमेरा ट्रॅपने होते. मचाणावरची रात्र मात्र ‘निसर्गानुभव’ म्हणून टिकून आहे आणि तिच्यासाठी शहरांतून हौसेने लोक येतात. त्यांत चाळिशी-पन्नाशीतले, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेले, एरवी दिवसभर खुर्चीत बसणारेही असतात. दुर्बीण, कॅमेरा, मातकट रंगाचे कपडे यांची तयारी महिनाभर आधीपासून होते. बसायचे कशावर आणि कसे, हा प्रश्न मात्र रात्री दहाच्या सुमारास, कंबर धरल्यावर सुचतो.

पहिला तास मजेत जातो. मग बुडाखालची फळी जाणवू लागते. माणूस बसतो तेव्हा धडाचे बहुतेक वजन दोन छोट्या हाडांवर येते. कुल्ल्याखाली हात ठेवून बसले की ती हाताला टोचतात. त्यांच्या आणि फळीच्या मध्ये कातडी, थोडी चरबी आणि स्नायू एवढेच असते. तिथल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतला दाब पाऱ्याच्या साधारण तीस मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि कडक फळीवर बसल्यावर या हाडांखाली पडणारा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. रक्त अडते, पेशी गुदमरतात, मज्जातंतू तक्रार करतात. ती तक्रार ऐकून माणूस नकळत चुळबुळ करतो. झोपेतही शरीर कूस बदलते, ते याच कारणाने. ज्यांच्या शरीराची जाणीव गेलेली आहे, त्या व्हीलचेअरवरच्या रुग्णांना दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलायला शिकवावे लागते, नाहीतर तिथे जखमा होतात.

म्हणजे चुळबुळ हा मचाणावरचा दोष नव्हे. ती शरीराची गरज आहे. फक्त ती हरणाच्या नजरेत येणार नाही अशी करायची असते.

ही लपवलेली हालचाल अवघड नाही. बुटाच्या आत पायाची बोटे आवळायची आणि सोडायची. टाच टेकलेली ठेवून चवडा वर उचलायचा, मग चवडा टेकून टाच उचलायची. मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू पाच सेकंद घट्ट करून सैल सोडायचे. वजन डाव्या बाजूवरून उजव्या बाजूवर हळूहळू, श्वासाच्या गतीने न्यायचे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी एवढे केले तरी समोरच्या चितळाला पत्ता लागत नाही. खरा घात होतो तो दोन तास दगडासारखे बसून शेवटी असह्य झाल्यावर. तेव्हा माणूस एकदम उसळतो, फळी करकरते आणि पाणवठा रिकामा होतो.

पायांची ही हालचाल केवळ आरामासाठी नाही. १९४० साली लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना हजारो लोक रात्ररात्र तळघरांत आणि निवाऱ्यांत काढत होते. पुष्कळजण कापडी आरामखुर्च्यांत बसल्या बसल्याच झोपत. त्या वर्षी कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञाने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक निरीक्षण मांडले. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्याने होणारे आकस्मिक मृत्यू आदल्या वर्षीच्या तुलनेत सहापट झाले होते, आणि मरणाऱ्यांत निवाऱ्यात बसून रात्र काढलेले लोक फार होते. खुर्चीची पुढची लाकडी दांडी मांडीच्या मागच्या बाजूला रुतत होती आणि पायातून वर जाणारे रक्त तुंबत होते. खुर्च्यांऐवजी आडवे होता येईल अशा फळ्या बसवणे हा त्यावरचा उपाय होता.

मचाणाच्या कडेला पाय खाली सोडून बसणाऱ्याने ही दांडी आठवावी. फळीची कड नेमकी त्याच जागी रुतते. पायातले रक्त हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. ते आकुंचन पावतात तेव्हाच शिरांतले रक्त वर सरकते. पोटरी थंड बसली की रक्त साचते. घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली लांबच्या प्रवासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, पण निरोगी माणसात तो तरीही सहा हजारांत एक इतकाच राहतो, असे त्यात दिसले. पूर्वी गुठळी झालेल्यांचा, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांचा, पायाचे प्लास्टर नुकतेच निघालेल्यांचा, गरोदर स्त्रियांचा आणि संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. त्यांनी नोंदणी करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

बसावे कसे, याचा एक चांगला धडा अमेरिकेतल्या रानटी टर्कीच्या शिकाऱ्यांकडून घेता येतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला थारा नाही आणि तो नसावाच. पण बसण्याची अडचण दोन्हीकडे एकच आहे. टर्कीची नजर हालचाल टिपण्यात विलक्षण तीक्ष्ण असते, म्हणून वसंतात हे लोक पहाटेच्या अंधारात जाऊन झाडाच्या बुंध्याला टेकून बसतात आणि तास न् तास हलत नाहीत. बुंधा स्वतःच्या खांद्यांपेक्षा रुंद निवडतात. त्याने पाठ झाकली जाते आणि तिला पूर्ण आधारही मिळतो. खाली जाड उशी असते, गुडघे उभे असतात आणि हातातल्या वजनाला गुडघ्याचा टेका मिळतो.

मचाणावर हेच सगळे जमते. पाठ कठड्याला किंवा खांबाला लागली पाहिजे आणि कमरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला टॉवेल हवा. पुढे वाकून बसल्याने मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार वाढतो आणि मागे रेलल्याने तो कमी होतो. बुडाखाली ट्रेकर वापरतात ती कॅरिमॅट चार घड्या करून घालावी, वर गोधडीचा तुकडा. हवेची उशी टाळलेली बरी. तिचा आवाज होतो आणि ती रात्री दगा देते. दुर्बीण कोपर गुडघ्यावर टेकवूनच धरावी. पाऊण किलोची दुर्बीण अधांतरी धरून तासभर पाणवठा न्याहाळला की मानेतून डोक्यापर्यंत कळ जाते.

मांडी घालून बसण्याची आपल्याला सवय असते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवला जातो. जेवणापुरती मांडी ठीक. पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. पाऊल वर उचलण्याचे काम त्याच्याकडे असते. कडक फळीवर तासन् तास मांडी घातली, पायावर पाय टाकला किंवा उकिडवे बसले, तर तो दाबला जातो. शेतात उकिडवे बसून स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांत हा त्रास इतका आढळला की, इंग्रजीत त्याला त्यांच्याच कामाचे नाव पडले. मुंग्या काही मिनिटांत ओसरल्या तर चिंता नाही. पाऊल लटके पडले, चवडा वर उचलता येईना, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावलेल्यांना मुंग्याही येत नाहीत. त्यांनी घड्याळ पाहून बसण्याची ढब बदलावी.

आता लघवीचे. याविषयी संकोचाने कोणी बोलत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. रात्री खाली उतरता येणार नाही या धास्तीने लोक, त्यातही स्त्रिया, दुपारपासूनच पाणी तोडतात. वैशाखात चंद्रपूरचा पारा ४४-४५ अंशांना टेकलेला असताना हे करणे धोक्याचे आहे. डोके दुखते, पोटरीत गोळे येतात, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि ज्यांना मुतखड्याची खोड आहे त्यांना कळ उठू शकते. उपाय साधा आहे. रुंद तोंडाची घट्ट झाकणाची बाटली, स्त्रियांसाठी मिळणारे प्लॅस्टिकचे नरसाळे, आडोशाला एक चादर, आणि बरोबरच्यांशी आधीच झालेले मोकळे बोलणे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असे मिश्रण घरूनच न्यावे आणि थोडे थोडे पीत राहावे. चमचा चहाचा धरावा.

साठीच्या पुढच्या पुरुषांसाठी एक विशेष सूचना. खोकल्याने जनावर पळेल म्हणून अनेकजण मचाणावर चढताना सर्दीची गोळी घेतात. प्रोस्टेटची गाठ वाढलेली असेल, तर या गोळीने आणि त्यात तुंबवून ठेवल्याने लघवी पूर्ण अडू शकते. मध्यरात्री जंगलात हे ओढवणे फार वाईट. घशासाठी ज्येष्ठमधाचा तुकडा किंवा खडीसाखर तोंडात धरली तरी भागते; मधुमेह्यांनी ज्येष्ठमधही बेतानेच, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी तो टाळावाच, कारण त्याने रक्तदाब वाढतो. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर त्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखरेच्या पुड्या खिशात ठेवाव्यात, पिशवीच्या तळाशी नव्हे.

सकाळी गाडीचा आवाज आला की सगळे धडपडून उठतात, आणि रात्रभरातला सर्वांत धोक्याचा क्षण तोच. रक्त पायात साचलेले, पाणी कमी प्यायलेले, झोप नाही. एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पुढ्यात सरळ उभी शिडी असते. आधी बसल्या जागी दोन मिनिटे घोटे फिरवावेत, मग कठड्याला धरून उभे राहावे, पायांत ताकद आल्याची खात्री करावी. शिडीकडे तोंड करून, हात मोकळे ठेवून उतरावे. सामान नंतर दोरीने घ्यावे.

घरी आल्यावर दोन दिवस अंग ठणकेल, ते साहजिक आहे. पण पुढच्या दोन आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ आली, तर तेल चोळत बसू नये. सरळ रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे की, अमुक रात्री मचाणावर इतके तास बसून होतो.