खाचरातले बुडबुडे

प्रश्न : लावणीनंतर भाताच्या खाचरात पाय टाकला की चिखलातून बुडबुडे येतात. हा कोणता वायू? – एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : बराचसा मिथेन. पाणी साचलेल्या मातीतला प्राणवायू जीवाणू लवकरच संपवतात. मग कुजत्या पाल्यातून निघणारे ॲसिटेट, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांवर आर्किया गटातले सूक्ष्मजीव जगतात नि मिथेन सोडतात. बुडबुडे डोळ्यांना दिसतात खरे, पण पीक वाढल्यावर बहुतेक मिथेन रोपातल्या पोकळ वाटांनी, गाजावाजा न करता, हवेत जातो.

सगळाच निसटत नाही. त्याच वाटांनी मुळांशी हवा उतरते आणि तिथे मिथेन खाणारे जीवाणू टपलेले असतात. ते आधी मिथेनचे मिथेनॉल करतात, पुढे त्यावरच पोसतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर यांच्या गटाने भातशेतीतून असे जीवाणू वेगळे केले. त्यातला एक चक्क काकडीच्या आकाराचा, म्हणून नाव ‘मिथायलोक्युक्युमिस ओरायझी’!

शास्त्री नदीने खाली जयगडकडे गेलात, तर खाडीच्या चिखलाला कुजक्या अंड्यांचा वास येईल. तिथे खाऱ्या पाण्यातले सल्फेट वापरणारे जीवाणू आर्कियांच्या तोंडचा घास पळवतात. मिथेन कमी होतो.

तुमच्यापुरते सांगायचे, तर ओला पाला गाडण्यापेक्षा चांगले कुजलेले शेणखत घाला. पावसाने उघडीप दिली की पाणी काढून खाचर थोडे सुकू द्या. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडू नका.