पिकअपचा फीड पंप : आधी दोष शोधा, मग पाना उचला

भाजी, फळे, भंगार, फर्निचर किंवा पोल्ट्रीचा माल वाहणाऱ्या आपल्या अनेक बांधवांचा सारा धंदा एका पिकअप गाडीवर उभा असतो. गाडी पहाटे बाजार समितीत पोहोचली नाही तर त्या दिवसाचा भाव हातून जातो, आणि नाशवंत माल असेल तर मुद्दलही जाते. अशा वेळी गाडी रस्त्यात बंद पडली आणि कोणी म्हणाले, "पंप गेला," की मालकाच्या पोटात गोळा येतो. पण पंप म्हणजे कोणता पंप, हे विचारणारे फार थोडे.

डिझेल गाडीत पंप दोन असतात. मोठा पंप डिझेलला प्रचंड दाब देऊन नोझलकडे पाठवतो. त्याला हात लावणे घरचे काम नाही. तो पंप-नोझलवाल्याच्या मशीनवर बसवूनच दुरुस्त व्हावा लागतो आणि त्याचा खर्चही मोठा असतो. दुसरा म्हणजे फीड पंप. टाकीतले डिझेल ओढून फिल्टरमार्गे मोठ्या पंपाला पोहोचवायचे, एवढेच त्याचे काम. जुन्या पिकअप गाड्यांवर, जिथे मोठा पंप लांबट आणि एका ओळीतला असतो, तिथे हा त्याच्याच अंगाला बसवलेला असतो आणि त्यावर हाताने दाबायचा प्रायमर असतो. हा पंप घरी बदलता येतो. हा लेख फक्त त्याच्याबद्दल आहे.

माझ्या ओळखीच्या एका फळ व्यापाऱ्याची गाडी दर घाटात दम सोडत असे. एका गॅरेजात मोठा पंप उतरवून दुरुस्त केला गेला, चार दिवस गाडी उभी राहिली, बिल भरले, आणि पुढच्याच घाटात पुन्हा तेच. शेवटी एका म्हाताऱ्या उस्तादांनी टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीवरून हात फिरवला. क्लिपखाली नळीला बारीक चीर होती. नळीचा तुकडा बदलला आणि काम संपले. "बेटा, डिझेल बाहेर येत नाही म्हणून गळती नाही असे समजू नकोस," ते म्हणाले. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. म्हणून चीर असली तरी डिझेल फारसे टपकत नाही. उलट हवा आत शिरते. यालाच आपण गाडीने एअर पकडली असे म्हणतो.

लक्षणे अशी : गाडी सुरू होते, थोडे चालते आणि बंद पडते, प्रायमर मारला की पुन्हा चालते, सपाटीवर ठीक आणि चढावर ओढ नाही. यावरून दोष फीड पंपात, नळीत की फिल्टरमध्ये हे कळत नाही. त्यासाठी क्रमाने जावे. प्रथम टाकीत डिझेल खरोखर आहे ना ते काडी घालून पाहा, काट्यावर विसंबू नका. मग टाकीचे झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि गाडी नीट चालू लागली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. हा दोष फुकटात दुरुस्त होतो, म्हणूनच तो कोणी सांगत नाही! त्यानंतर फिल्टरवरील एअर काढायचा स्क्रू ढिला करून प्रायमर मारा. बुडबुडे थांबतच नसतील तर हवा मागून येत आहे.

आता खरी परीक्षा. एका कॅनमध्ये ५ लिटर स्वच्छ डिझेल घ्या. टाकीची नळी फीड पंपावरून काढा आणि चांगल्या नळीने कॅनमधून डिझेल पंपाला द्या. नळी आणि कॅन सायलेन्सरपासून व पंख्यापासून दूर असावेत. पुष्कळ लोक कॅन उंचावर ठेवतात आणि गाडी चालली की पंप चांगला म्हणून मोकळे होतात. हे चूक आहे. उंचावरून डिझेल आपल्या वजनानेच उतरते आणि कमजोर पंपही पास होतो. कॅन जमिनीवर ठेवा. तरीही गाडी रेस घेते, तर पंप चांगला आहे. टाकीतली जाळी, लाईन किंवा नळी तपासा. वर ठेवल्यावर चालते आणि खाली ठेवल्यावर मरते, तर बहुधा पंपाची ओढ गेली आहे. कॅन लवकर रिकामा झाला तर घाबरू नका, परतीचे डिझेल मूळ टाकीतच जात असते.

खात्री करण्यासाठी फीड पंपातून फिल्टरकडे जाणारा पाईप सोडून बाटलीत धरा आणि सोबत्याला सेल मारायला सांगा. डिझेल ठोक्याठोक्याने जोरात यायला हवे. इथे जोर आहे पण फिल्टरच्या पुढे नाही, तर फिल्टर चोक आहे. इथेच जोर नसेल तर पंप उतरवावा. मात्र नवा घेण्यापूर्वी त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडून पाहा. कचऱ्याचा एक कण अडकला तरी पंप ओढत नाही. व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि वॉशरचा किट सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. पण दांडा झिजून डिझेल मोठ्या पंपाच्या ऑइलमध्ये उतरत असेल, ऑइल पातळ झाले असेल, तर किटवर पैसे घालवू नका, पूर्ण पंप बदला.

उतरवताना इंजिन थंड असावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, चाकांना उटी लावावी. पंपाभोवतीची जागा ब्रश आणि डिझेलने धुऊन घ्या. आत गेलेली माती मोठ्या पंपाला खाते. पाईपवर खुणा करा. पंप सहसा तीन नटांवर असतो. इंजिन थोडे फिरवून स्प्रिंगचा दाब कमी होईल अशा जागी आणा, मग नट काढा. नवा पंप बसवताना नवे गॅस्केट आणि नवे कॉपर वॉशर हवेतच. जुना वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही, आणि चार आण्याची ही काटकसर पुन्हा एअर ओढते. चिकट मसाला थापू नका, त्याचे तुकडे आत जातात. तिन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा.

मग एअर काढा : आधी फिल्टरचा स्क्रू, नंतर मोठ्या पंपाचा. बुडबुड्यांशिवाय डिझेल आले की प्रायमर मारता मारताच स्क्रू आवळा. त्यानंतरही गाडी उठली नाही तर नोझलकडचे नट अर्धा आटा ढिले करून सेल मारा, डिझेल दिसताच आवळा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत जातो आणि वरून टाचणीएवढीच खूण दिसते. तसे झाल्यास दुखत नसले तरी तातडीने इस्पितळ गाठावे.

एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या डिझेल पिकअप आणि त्याआधीच्याही अनेक गाड्या कॉमन रेल पद्धतीच्या आहेत. त्यांचे नोझलकडचे नट असे ढिले करणे जिवावर बेतू शकते. पेट्रोल गाडीचा पंप बहुधा टाकीच्या आत असतो, तिथे एका ठिणगीने आग लागते. या दोन्ही गाड्या जाणकाराकडेच न्याव्यात, आणि तिथे गेल्यावर कोणता पंप, कोणत्या तपासणीवरून खराब ठरवला, हे विचारून जुना भाग परत मागून घ्यावा.