तुटलेले सांधणारा न्याय आणि अहिंसक संवाद

चोरी, मारामारी किंवा नासधूस झाली की आपल्या तोंडून पहिले वाक्य येते, "याला चांगली शिक्षा झाली पाहिजे." हे वाक्य चुकीचे आहे असे नाही. परंतु शिक्षा झाल्यावर ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. ज्याने मार खाल्ला तो त्या खटल्यात केवळ साक्षीदार! गेल्या पन्नास वर्षांत काही माणसांनी हा प्रश्न चिकाटीने धसास लावला. त्यांच्या कार्याला 'पुनर्स्थापक न्याय' म्हणजे तुटलेले सांधणारा न्याय म्हणतात. त्याला जोडूनच 'अहिंसक संवाद' ही पद्धती येते. या दोहोंची ओळख विद्यार्थी मित्रांना व्हावी, तसेच त्यातील एक मोठा धोकाही ध्यानात यावा, एवढ्यासाठी हा लेख.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात एलमायरा नावाचे लहान गाव आहे. मे १९७४ मध्ये तेथील दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. मोटारींचे टायर कापले, खिडक्या फोडल्या. दोघांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. प्रोबेशन खात्यातील एका अधिकाऱ्याने आणि मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या एका कार्यकर्त्याने न्यायाधीशांपुढे वेगळीच सूचना मांडली : या मुलांनी नुकसान झालेल्या माणसांना समोरासमोर भेटावे. कायद्यात तशी तरतूद नव्हती. तरीही न्यायाधीशांनी थोडी मुदत दिली आणि मुले दारोदार गेली. कोणी रागावले, कोणी किती भीती वाटली ते सांगितले, कोणी नुकसानीचा आकडा सांगितला. दोघांना दंड झाला, तसेच भरपाईचाही आदेश झाला. पुढे काही महिन्यांत मुलांनी पुन्हा त्याच दारांवर जाऊन ती भरपाई चुकती केली. हा आधुनिक पुनर्स्थापक न्यायाचा पहिला प्रयोग मानला जातो. त्या दोघांपैकी एक जण उतारवयाकडे झुकत असताना कायद्याशी संबंधित अभ्यासक्रम शिकत होता, तेव्हा आपल्याच खटल्याची गोष्ट वर्गात ऐकून तो चकित झाला! पुढे त्याने स्वतः या कामात भाग घेतला.

या विचाराची नीट मांडणी केली ती हॉवर्ड झेर यांनी. हे गोरे गृहस्थ अटलांटा येथील मोरहाउस या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून १९६६ मध्ये पदवीधर झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांचेही तेच कॉलेज. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात झेर यांनी प्रश्नच बदलून टाकले. कोर्ट विचारते : कोणता कायदा मोडला, कोणी मोडला, त्याला काय शिक्षा द्यावी? झेर विचारतात : कोणाला इजा झाली, त्याची गरज काय, ती भरून काढण्याची जबाबदारी कोणाची? बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला यात हिशेबाची भाषा दिसते. येणे कोणाचे आणि देणे कोणाचे हे आधी ठरवायचे.

न्यूझीलंडने तर १९८९ साली बालके आणि तरुणांसाठीच्या कायद्यातच हे तत्त्व आणले. तेथील मूळ रहिवासी माओरी समाजाची मुले घरापासून तोडून संस्थांत टाकली जात होती, त्याविरुद्ध त्या समाजाने आवाज उठवला होता. नव्या कायद्याने कुटुंब परिषद आली. परिषदेत मुलगा, त्याचे नातलग, पीडित व्यक्ती आणि पोलीस एकत्र बसतात व भरपाईचा आराखडा ठरवतात. खून व सदोष मनुष्यवध मात्र या परिषदेपुढे जात नाहीत.

आता दुसरा विषय. समोरासमोर बसवले म्हणजे माणसे बोलतातच असे नाही. पुष्कळदा भांडण वाढते. म्हणून बोलण्याची रीत लागते. मार्शल रोझेनबर्ग (१९३४-२०१५) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेट्रॉइट शहरात वाढले. १९४३ ची वांशिक दंगल त्यांनी लहानपणी पाहिली, आणि ज्यू आडनावामुळे शाळेत मारही खाल्ला. माणूस हिंसक का होतो हा प्रश्न त्यांना तेथूनच लागला. १९८४ मध्ये त्यांनी अहिंसक संवादाचे केंद्र स्थापन केले. त्यांची रीत चार पायऱ्यांची आहे : जे घडले तेवढेच सांगणे, मनात काय झाले ते सांगणे, त्यामागची आपली गरज सांगणे, आणि शेवटी स्पष्ट विनंती करणे. विनंतीला 'नाही' म्हणता आले पाहिजे. नाही म्हणता येत नसेल तर तो हुकूम झाला.

आपल्या मंडळांच्या सभांतील उदाहरण घेऊ. "तुम्ही वर्गणीचे पैसे खाल्ले!" असे म्हटले की खजिनदार उसळतो, त्याचे चार नातलग उभे राहतात आणि सभा उधळते. त्याऐवजी, "गेल्या तीन सभांत हिशेब वाचला गेला नाही. मला काळजी वाटते, कारण वर्गणी देणाऱ्यांना मला उत्तर द्यावे लागते. पुढील रविवारी पावतीपुस्तक सभेपुढे ठेवाल काय?" असे म्हणून पाहावे. प्रश्न तितकाच कडक राहिला आहे. अहिंसक संवाद म्हणजे गुळमुळीत बोलणे असा गैरसमज अनेकांचा असतो, तो यावरून दूर व्हावा.

आता त्या धोक्याविषयी. गावात अत्याचार झाला की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी प्रतिष्ठित गृहस्थ येतो आणि म्हणतो, "अरे बाबा, गावातल्या गावात मिटवून टाका, कशाला केस करता?" हाही आपण सांधणारा न्यायच करतो असे सांगेल. तो तसा नाही. एलमायरात मुलांनी गुन्हा आधी कबूल केला होता आणि कोर्ट पाठीशी उभे होते. येथे गुन्हाच नाकारला जातो, आणि 'मिटवा' म्हणणारा ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे त्याचाच माणूस असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ६ ऑक्टोबर १९३२ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना पंचायतींच्या हाती न्यायदानाचा अधिकार देण्यास विरोध केला तो याच कारणाने. जातीच्या पूर्वग्रहांनी बांधलेल्या गावाकडून निःपक्ष न्यायाची अपेक्षा धरता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. झेर किंवा रोझेनबर्ग वाचताना ते भाषण शेजारी ठेवूनच वाचावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. धमकी, दबाव व आमिष यांपासून त्यांचे संरक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. हे संरक्षण सोडून कोणी समेटाच्या बैठकीला बोलावत असेल तर जाऊ नये, आणि आपल्या कार्यकर्त्यांनी तशी मध्यस्थीही करू नये. शेजाऱ्यांचे पाण्यावरून भांडण, मुलांनी फोडलेली काच, भावाभावांतील बोलाचाली, मंडळातील गटबाजी ही मात्र या पद्धतीची खरी जागा आहे. अभ्यासवर्गातील विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील असे एखादे भांडण निवडावे, दोन्ही बाजूंची वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरवावीत, आणि प्रत्येक वाक्यात घडलेली गोष्ट कोणती व आरोप कोणता हे पेन्सिलीने वेगळे करून आणावे.