खुडूक अंड्यांवरून उठली तर

पोरी, बसलेली खुडूक सहसा जागा सोडत नाही. पोटाखाली हात घातलास तर टोचेल, पण उठणार नाही. तीच अर्ध्यावर अंडी टाकून अंगणात फिरायला लागली, तर तिला शिव्या घालण्याआधी खुराडं बघ. संध्याकाळी कोंबड्या आत जायला का-कू करून आंब्यावर चढायला लागल्या, तुरे फिके पडले, तरी तेच समज. किडा झालाय.

दिवसा पिसं चाळून काही सापडत नाही. मी पहिल्यांदा अशीच फसले. हा लाल किडा दिवसा फटीत दडतो आणि रात्री रक्त प्यायला निघतो. म्हणून जेवणं झाली की बॅटरी आणि जुन्या धोतराचा पांढरा तुकडा घे, कोंबड्या बसतात ती दांडी खालच्या अंगाने पुसून काढ. फडक्यावर रक्ताचे फराटे उठले की दुसरा पुरावा नको. प्यालेला किडा लाल, उपाशी असला तर राखेच्या रंगाचा.

औषध आधी खुराड्याला. पेंढा बाहेर काढून लांब नेऊन जाळ. दांड्या सोडव, त्यांच्या टोकांच्या खाचांत किडा दाटीवाटीने बसतो, तिथे उकळतं पाणी ओत. वाळलं की घट्ट चुना फटीफटीत भर, आणि तो सुकेपर्यंत कोंबड्या डालग्याखाली ठेव. आठव्या दिवशी पुन्हा हेच सगळं, कारण राहिलेल्या अंड्यांतून तोवर नवे किडे निघालेले असतात. सगळ्या इथेच कंटाळतात. खुराडं रिकामं ठेवून किडा उपाशी मरेल म्हणशील, तर तो कित्येक महिने तसाच जगतो.

कोंबड्यांना लोळायला पाटीत माती आणि चाळलेली लाकडाची राख दे. कोरडीच, ओल्या राखेने कातडी भाजते. पायांचे खवले उचलून खडबडीत झाले असतील तर तो वेगळा किडा, खवल्यांखाली राहणारा. कोमट पाण्याने पाय शेकून खोबरेल चोळत राहा, खवले ओढू नकोस. माझ्या सासूबाई रॉकेल लावायच्या; कोंबडीचे पाय सोलवटायचे. पिकावरचं औषध तर जवळही नेऊ नकोस. आटोक्यात येईना तर जनावरांच्या डॉक्टरांकडे जा आणि अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारूनच ये.

बाजारातून आणलेली ती तांबडी कोंबडी अजून पंधरा दिवस वेगळी राहू दे. आणि आज रात्रीच फडकं फिरव, सकाळी मला आणून दाखव.